डॉलरच्या डावीकडे

रास्पबेरी पायला वीज जोडली, मेमरी कार्डावरची यंत्रणा सुरू झाली आणि टर्मिनल उघडलं, की काळ्या पडद्यावर एक अर्धवट ओळ येते. आधी हिरव्या अक्षरांत वापरकर्त्याचं नाव, मग @ चिन्ह, मग यंत्राचं नाव. पुढे एकाखाली एक दोन टिंबं, निळ्या रंगात एक नागमोडी रेघ, शेवटी डॉलर आणि त्याच्यापुढे लुकलुकणारा कर्सर. देवनागरीत उतरवली तर ती अशी दिसेल: पाय@रास्पबेरीपाय:~ $. हा प्रॉम्प्ट. संगणकाची बहुतेक पुस्तकं या डॉलरच्या उजवीकडून सुरू होतात: काय टाइप करायचं, कोणती कमांड, तिला कोणते पर्याय. हे पुस्तक डावीकडून सुरू होतं, आणि तसं का, हे सांगायला ही लांबलेली प्रस्तावना.

कमांड लाइन शिकणं म्हणजे मुख्यतः वाचायला शिकणं, असं माझं मत आहे. कमांडा पाठ कराव्या लागत नाहीत. रोजच्या वापरातल्या पंधरा-वीस हाताला आपोआप बसतात, बाकीच्या गरज पडेल तेव्हा शोधायच्या. नवशिका अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. यंत्राने आत्ताच काहीतरी सांगितलेलं असतं, इंग्रजीत असतं, कंटाळवाणं असतं, आणि ते न वाचता तो पुढची ओळ ठोकतो. ती चुकली की आणखी एक. दहा मिनिटांनी पडदा मजकुराने भरलेला असतो आणि सगळ्याचं उत्तर वरून तिसऱ्या ओळीत पडून असतं.

एक खुलासा आधीच करतो. पुस्तकाच्या प्रकरणांत कमांडा रोमन लिपीत, यंत्राला लागतात तशाच छापल्या आहेत. इथे मात्र वाचण्याचा ओघ तुटू नये म्हणून त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. ‘एलएस’ लिहिलं असेल तिथे ती दोन रोमन अक्षरं समजावीत, आणि ती लहान लिपीतली. मोठ्या लिपीत लिहिलेली तीच अक्षरं यंत्राच्या दृष्टीने वेगळा शब्द असतो.

खेळण्याएवढ्या या बोर्डावर आजच्या काळातही हा काळा पडदा का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचं उत्तर केंब्रिजमध्ये आहे. 2000 नंतरच्या दशकात तिथल्या विद्यापीठात शिकवणारे एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी एका गोष्टीने अस्वस्थ झाले होते. संगणकशास्त्रासाठी येणारे अर्ज घटत होते, आणि जी मुलं येत होती त्यांनी घरी प्रोग्रामिंगशी झटापट केलेली नव्हती. त्यांच्या आधीच्या पिढीने ती केली होती, कारण त्या पिढीच्या घरात बीबीसी मायक्रोसारखी यंत्रं होती. केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने 1981 मध्ये आणलेला हा संगणक चालू केला, की दोन-तीन ओळींची ओळख देऊन लगेच एक > चिन्ह दाखवायचा आणि बेसिक भाषेतल्या हुकमाची वाट पाहायचा. यंत्र वापरायचं तर त्याला काहीतरी सांगावंच लागे. पुढे घरात पीसी आणि गेमची कन्सोल आली, आणि ती काही सांगायला लावत नव्हती. रास्पबेरी पाय हा त्यावर शोधलेला उपाय. 29 फेब्रुवारी 2012 रोजी त्याचं पहिलं मॉडेल बी 35 डॉलरला विक्रीला आलं; 700 मेगाहर्ट्झचा एकच कोअर, 256 एमबी मेमरी. ‘ए’ आणि ‘बी’ ही मॉडेलांची नावंही बीबीसी मायक्रोवरूनच उचललेली.

बीबीसी मायक्रो आपल्याकडेही अगदीच अनोळखी नव्हता. 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशातल्या निवडक शाळांत हीच यंत्रं पोचली. पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या वाचकाला ते > चिन्ह आठवत असेल, तर या पुस्तकातली पहिली दोन प्रकरणं त्यांनी खुशाल चाळून सोडावीत.

प्रॉम्प्टचा स्वभाव समजायला मात्र आणखी मागे जावं लागतं. रास्पबेरी पायवर चालणारी यंत्रणा लिनक्सच्या डेबियन कुळातली, आणि लिनक्सची रीत युनिक्सकडून आलेली. युनिक्सचा जन्म 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून. त्या काळी संगणकाशी बोलायचं ते टेलिटाइपवरून. हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर छापायचं, आणि त्यातलं लोकप्रिय मॉडेल 33 सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं उमटवायचं. कळा जड, छपाई संथ, आवाज मोठा. अशा यंत्रावर काम करणारा माणूस लांबलचक शब्द कशाला लिहील? म्हणून यादी दाखवणारी कमांड दोन अक्षरी ‘एलएस’, नक्कल करणारी ‘सीपी’, हलवणारी ‘एमव्ही’, पुसणारी ‘आरएम’. टेलिटाइप केव्हाच संग्रहालयात गेले, पण आजही ‘टीटीवाय’ अशी कमांड दिली तर पाय आपण कोणत्या टर्मिनलवर बसलो आहोत ते सांगतो, नाव टेलिटाइपचंच.

त्याच संथ छपाईतून दुसरी एक सवय आली आणि नवशिक्यांना ती सगळ्यांत जास्त छळते. काम यशस्वी झालं तर युनिक्स बोलत नाही. फाइलची नक्कल करा, फोल्डर बनवा, नाव बदला. एंटर दाबला की पुढचा प्रॉम्प्ट येतो, बस. ‘झालं’ असा एक शब्दही नाही. मोबाइलवर प्रत्येक बोटाला टुणकन आवाज ऐकायची सवय असलेल्या मुलाला वाटतं काहीच घडलं नाही, म्हणून ते तीच कमांड पुन्हा देतं. दुसऱ्यांदा दिलेली ‘एमकेडीआयआर’ तक्रार करते की हे फोल्डर आधीच आहे, आणि मूल घाबरतं. खरं तर त्या तक्रारीचा अर्थ एवढाच, की पहिल्या वेळी काम फत्ते झालं होतं.

आता ओळ नीट वाचू. पहिला भाग वापरकर्त्याचं नाव. जुन्या छापील सूचनांत तिथे नेहमी ‘पाय’ दिसेल, कारण कितीतरी वर्षं प्रत्येक कार्डावर ‘पाय’ हा वापरकर्ता आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड आयता यायचा. सोयीचं होतं आणि धोक्याचंही, कारण जगातल्या कुठल्याही पायचं कुलूप त्याच किल्लीने उघडायचं. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून घरगुती कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस पायवरची एसएसएच, म्हणजे दुरून टर्मिनल उघडण्याची सोय, मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली. एप्रिल 2022 पासून आयता ‘पाय’ वापरकर्ताही गेला. आता नाव आणि पासवर्ड पहिल्याच वेळी आपले आपण ठरवायचे. त्यामुळे पुस्तकात ‘पाय’ आणि तुमच्या पडद्यावर ‘सायली’ दिसलं तर बिघडलं काहीच नाही. मात्र जुन्या सूचनेत जिथे जिथे ‘/होम/पाय’ असेल तिथे तुम्हाला तुमचं नाव घालावं लागेल, आणि हे न समजल्याने वाया गेलेल्या संध्याकाळी मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

@ च्या पुढचा भाग यंत्राचं नाव. घरात एकच बोर्ड असेल तर तो भाग शोभेचा वाटतो. एसएसएच वापरायला लागलात की तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. पायला स्वतःचा पडदा नसतो. तो पाण्याच्या टाकीवर, कोंबड्यांच्या खुराड्यात, वर्गातल्या कपाटावर कुठेही असू शकतो आणि तुम्ही लॅपटॉपवरून त्याच्यात शिरता. लॅपटॉपवरही लिनक्स असेल तर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांच्या. ‘पॉवरऑफ’ ही कमांड कोणत्या खिडकीत दिली यावर लॅपटॉप बंद होणार की टाकीवरचा पाय, हे ठरतं, आणि फरक सांगणारी खूण त्या नावापलीकडे दुसरी नाही. शाळेच्या लॅबमध्ये तर वीस बोर्डं असतात आणि वीसही ‘रास्पबेरीपाय’. शिक्षकांना विनंती, की पहिल्याच तासाला ‘रास्पी-कॉन्फिग’ या मांडणी बदलण्याच्या कमांडमध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळं नाव द्या. किल्ल्यांची नावं चांगली चालतात. ती पुरतातही भरपूर. रोमन लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच वापरायचं, मध्ये जागा सोडायची नाही.

दोन टिंबांनंतर येतो तो ठिकाणाचा भाग. आपण या क्षणी कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते तो सांगतो. नागमोडी रेघ म्हणजे आपलं घर, म्हणजेच ‘/होम’च्या आत आपल्या नावाचं फोल्डर. ही रेघ घराची खूण कशी झाली, याचं उत्तर सत्तरच्या दशकातल्या एडीएम-3ए नावाच्या टर्मिनलवर सापडतं: त्याच्या कीबोर्डवर ‘होम’ आणि ही रेघ एकाच कळीवर होती. ‘सीडी’ कमांडने ठिकाण बदललं की निळा मजकूर बदलतो. ‘पीडब्ल्यूडी’ दिली तर पूर्ण पत्ता छापून मिळतो. हा पत्ता आपल्या पत्रावरच्या पत्त्याच्या उलट वाचायचा असतो. आपण घर क्रमांकापासून सुरुवात करून गाव, तालुका, जिल्ह्यापर्यंत जातो. इथे जिल्हा आधी आणि घर शेवटी. सुरुवातीची तिरपी रेघ म्हणजे सगळ्याचं मूळ. ती असेल तर पत्ता मुळापासून मोजायचा, नसेल तर आपण उभे आहोत तिथपासून. ‘फाइल नाही’ अशा निरोपांतले निम्म्याहून जास्त या एका रेघेमुळे येतात, असा माझा अंदाज आहे. मोजणी मी केलेली नाही.

शेवटचं चिन्ह अधिकाराचं. डॉलर म्हणजे साधा वापरकर्ता, # म्हणजे रूट, ज्याला यंत्रावर कुठलीच मनाई नाही. पायवर # क्वचित दिसतो, कारण आपण रूट होऊन बसत नाही, एकेका कमांडपुढे ‘सुडो’ लावून तेवढ्यापुरता अधिकार घेतो. सुडो हा 1980च्या सुमाराचा, अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलेला. कल्पना शहाणपणाची, वापर मात्र अनेकदा वेंधळेपणाचा. ‘परवानगी नाही’ असा निरोप आला की काहीही विचार न करता तीच कमांड सुडो लावून पुन्हा द्यायची, ही सवय मला अजिबात आवडत नाही. परवानगी का नाकारली गेली हे आधी पाहावं. पुष्कळदा आपण चुकीच्या फोल्डरात उभे असतो, आणि यंत्र आपल्याला वाचवत असतं. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कुठल्याही कचरापेटीत जात नाही. ‘आरएम’, तिचा आतल्या फोल्डरांसकट पुसण्याचा पर्याय, आणि सुडो या तिघांची गाठ पडते तेव्हा पत्त्यात चुकून पडलेली एक मोकळी जागासुद्धा महागात जाते, कारण मोकळ्या जागेमुळे एका पत्त्याचे दोन होतात. आजची ‘आरएम’ थेट मुळावर घाव घालू देत नाही. त्याच्या एक पायरी खाली मात्र ती काहीही करू देते.

एवढं झाल्यावर लक्षात ठेवायचं ते हे, की हा एकच प्रॉम्प्ट नाही. काळी खिडकी तीच राहते, पण समोरचा बोलणारा बदलतो. आपण आतापर्यंत पाहिलेली ओळ बॅश नावाचा प्रोग्राम छापतो. तो 1989 मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिला. ‘पायथन3’ असं टाइप करून एंटर दाबलात की बॅश मागे सरतो आणि >>> अशी तीन टोकं येतात. इथे ‘एलएस’ लिहिलं तर पायथन म्हणतो, या नावाचं काही मला माहीत नाही. उलट डॉलरपुढे पायथनची ओळ लिहिली तर बॅश कंसाबद्दल कुरकुरतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पायथनमधून बाहेर यायला कंट्रोल आणि डी.

एकटंच > दिसलं तर घाबरू नका. अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटलं नाही, की बॅशला वाटतं वाक्य अजून संपलेलं नाही, आणि तो पुढच्या ओळीची वाट पाहत राहतो. त्यात कितीही एंटर मारले तरी > येतच राहतं. कंट्रोल आणि सी दाबलं की सुटका. (हीच जोडी इतरत्र कॉपी करते, म्हणून टर्मिनलमधला मजकूर कॉपी करू जाणारा माणूस चालू असलेलं काम मारून टाकतो. इथे कॉपीसाठी शिफ्टही सोबत दाबायचं.) पासवर्ड मागणारी ओळ आणखी वेगळी: तिथे आपण टाइप करतो आणि काहीच उमटत नाही, तारकाचिन्हंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं वाटून मुलं तारा हलवून बघतात. ‘एपीटी’ने काही बसवताना शेवटी कंसात वाय आणि एन ही अक्षरं येतात, त्यातलं जे मोठ्या लिपीत असेल ते नुसत्या एंटरचं उत्तर. एसएसएचने पहिल्यांदा जोडताना मात्र नुसता एंटर चालत नाही, ‘येस’ पूर्ण लिहावं लागतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

छापील पुस्तकांमुळे होणारा एक घोळ इथेच सांगायला हवा. पुस्तकात ओळीच्या सुरुवातीला डॉलर छापतात ते जागा दाखवायला. विद्यार्थी तोही टाइप करतात, आणि बॅश ‘डॉलर नावाची कमांड सापडली नाही’ म्हणून कळवतो. # छापलेला असेल आणि तो टाइप झाला तर परिस्थिती जास्त फसवी: # पासून पुढचं सगळं बॅश टिपण समजून सोडून देतो, म्हणजे चूकही दाखवत नाही आणि काहीच करतही नाही. या पुस्तकात प्रॉम्प्ट फिक्या छपाईत आणि टाइप करायचा भाग ठळक आहे.

आता तक्रारींविषयी. चुकीचा निरोप म्हणजे यंत्राचं ओरडणं, असं समजून मुलं नजर वळवतात. प्रत्यक्षात तो निरोप ठरलेल्या घडणीचा असतो: आधी कोण बोलतंय, मग कशाबद्दल, शेवटी कारण. ‘एलएस’ ऐवजी ‘एसएल’ लिहिलं तर निरोपाच्या सुरुवातीला ‘बॅश’ येतं. म्हणजे कमांड चाललीच नाही, बॅशलाच ती सापडली नाही, स्पेलिंग तपासा. ‘एलएस’ बरोबर लिहून फोल्डरचं नाव चुकवलं तर सुरुवातीला ‘एलएस’ येतं. म्हणजे कमांड चालली, तिला पत्ता सापडला नाही. नाव तपासा, मोठी-लहान अक्षरं तपासा. सुरुवातीचा तो एक शब्द वाचला तर शोधायची जागा निम्मी होते.

याचा कस लागतो तो पुढच्या उदाहरणात, आणि हे उदाहरण मला फार आवडतं. एखाद्या सिस्टिम फाइलमध्ये एक ओळ लिहायची आहे. ‘एको’ कमांड मजकूर छापते, > चिन्ह तो मजकूर पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवतं. परवानगी लागणार, म्हणून पुढे सुडो लावला. तरीही ‘परवानगी नाही’. सुडो लावूनही? नीट पाहिलं तर निरोपाच्या सुरुवातीला ना ‘सुडो’ आहे ना ‘एको’, तिथे ‘बॅश’ आहे. फाइल उघडायचं काम बॅश स्वतः करतो, आणि तेही सुडो सुरू होण्याआधी. बॅश तर साध्या वापरकर्त्याचाच. अधिकार मिळाला तो ‘एको’ला, ज्याला त्याची काही गरज नव्हती. उपाय म्हणजे एकोचा मजकूर उभ्या रेघेतून ‘टी’ या कमांडकडे द्यायचा आणि सुडो त्या ‘टी’ला लावायचा. हा उपाय पाठ करून विसरला तरी चालेल. निरोपाचा पहिला शब्द वाचणारा माणूस तो पुन्हा शोधून काढतो.

ती उभी रेघ म्हणजे पाइप, बेल लॅब्जच्याच डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने 1973 मध्ये युनिक्समध्ये आलेली. एका कमांडचं बोलणं दुसरीच्या कानात सोडणारी ही सोय इतकी कामाची, की पुस्तकाचं एक संपूर्ण प्रकरण तिला दिलं आहे. पण आपल्याकडे तिच्या आधी एक वेगळीच अडचण येते. पायची यंत्रणा ब्रिटिश असल्याने तिचा कीबोर्डही मुळात ब्रिटिश मानलेला असतो, आणि लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत मिळणारे कीबोर्ड सहसा अमेरिकी मांडणीचे. मग शिफ्ट धरून 2 दाबलं की @ ऐवजी दुहेरी अवतरण येतं, 3 वर # ऐवजी पाउंड, आणि उभी रेघ छापलेली कळ दाबली तर ~ उमटतं. ब्रिटिश कीबोर्डवर उभी रेघ डाव्या शिफ्टशेजारच्या जास्तीच्या कळीवर असते. ती कळच आपल्या कीबोर्डवर नाही. पासवर्डमध्ये @ असेल तर आणखी मजा, कारण पासवर्ड दिसतच नाही. पहिल्यांदा चालू करताना देश आणि कीबोर्ड विचारतात तिथे ‘अमेरिकी मांडणी’ निवडायची. तिथे चुकलं तर नंतर ‘रास्पी-कॉन्फिग’मधल्या स्थानिक मांडणीच्या विभागात दुरुस्त करता येतं.

आणि मराठी? बिनखिडक्यांच्या साध्या कन्सोलवर देवनागरी नीट दिसत नाही. तिथे फाँटमध्ये जास्तीत जास्त 512 आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नाही. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलात अक्षरं दिसतात, वेलांट्या कधीकधी सरकतात. फाइलींची नावं मात्र मराठीत बिनदिक्कत ठेवता येतात. मर्यादा 255 बाइटची, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे 85 चिन्हं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दालाच अकरा चिन्हं लागतात. तरी सरावासाठी रोमन लहान अक्षरांतली नावं वापरा, मधल्या जागेऐवजी आडवी रेघ द्या.

हे सगळं साध्या लॅपटॉपवरच्या लिनक्सवरही शिकता आलं असतं. बोर्डाचं वेगळेपण म्हणजे त्याच्या कडेचे 40 पिन. ‘पिनआउट’ अशी कमांड दिली की टर्मिनलमध्येच बोर्डाचं रंगीत चित्र आणि पिनांचा तक्ता छापला जातो. तक्ता बघून 17 क्रमांकाच्या जीपीआयओला, म्हणजे कमांडने चालू-बंद करता येणाऱ्या पिनला, मध्ये 330 ओहमचा रोधक घालून, एलईडी जोडा. मग ‘पिनसीटीआरएल’ या कमांडने तो पिन आउटपुट करून हाय केला की दिवा लागतो. टाइप केलेल्या शब्दाने खोलीतली वस्तू हलली की मुलांचा चेहरा बदलतो. शिक्षकांनी हा प्रयोग लवकर करावा, व्याकरण मागून येऊ द्यावं. फक्त हे पिन 3.3 व्होल्टचे आहेत. 5 व्होल्ट दिले तर कुठलाही निरोप येत नाही, पिन जातो.

विजेचं प्रकरण आपल्याकडे मोठं. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर पाय सुरू होतो आणि मग अडखळतो. चौथ्या पिढीच्या पायला 5.1 व्होल्ट आणि 3 अँपिअर लागतात. ‘व्हीसीजीईएनसीएमडी’ ही उच्चाराला अशक्य कमांड तापमानही सांगते आणि विजेची तब्येतही. वीज कमी पडली का असं विचारलं तर ती एक षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायावरची, संख्या देते. नुसतं शून्य आलं तर ठीक. 5 वर चार शून्यं आली, तर आत्ता बरं चाललंय, पण मशीन सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती आणि वेगही घटवावा लागला होता. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बोर्ड ठेवला असेल तर तापमानही पाहावं. 80 अंशांच्या पुढे चौथ्या पिढीचा पाय स्वतःहून मंद होतो. आणि लोडशेडिंग. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड बिघडू शकतं. भारनियमनाच्या गावात छोटी बॅटरी असलेला पुरवठा ही चैन नव्हे, आणि स्वतः बंद करताना वायर ओढण्याआधी ‘सुडो पॉवरऑफ’ द्यायचं.

पुस्तकातल्या सूचना शिळ्या होणार, हे मी धरूनच चाललो आहे. पायच्या यंत्रणेच्या 2023 च्या आवृत्तीत बोर्डाची मुख्य मांडणी ठेवणारी फाइल ‘/बूट’मधून ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये गेली. जुन्या ठिकाणी फाइल उघडली तर आत पहिल्याच ओळींत ती हलवल्याचं लिहिलेलं असतं. तरीही लोक तिथेच बदल करतात आणि परिणाम दिसत नाही म्हणून कार्ड पुन्हा भरतात. म्हणून ‘मॅन’ची, म्हणजे कमांडांची माहितीपानं दाखवणाऱ्या कमांडची, सवय लावा. युनिक्सची पहिली छापील पुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची, आणि आजची ‘मॅन’ पानं तिच्याच वळणाची: चौकटी कंसातलं ऐच्छिक, बाकीचं आवश्यक. पान उघडल्यावर बाहेर कसं यायचं हे तळाच्या ओळीत लिहिलेलं असतं. नॅनो या संपादकातही तळाच्या दोन ओळी कळा सांगतात, तिथलं टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल. ज्यांना ऐकून शिकायला आवडतं त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत उपलब्ध आहेत. ते पायसाठी बनवलेले नाहीत, पण बॅश सगळीकडे बॅशच.

या पुस्तकात नेटवर्कची सुरक्षितता, कॅमेरा आणि मोटारी नाहीत. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवं. व्हीआय हा संपादक मुद्दाम गाळला आहे, त्याच्या चाहत्यांनी रागवावं. सरावांतला प्रत्येक प्रॉम्प्ट पूर्ण छापला आहे: वापरकर्ता, यंत्र, ठिकाण, चिन्ह. सराव ‘तोरणा’ नावाच्या पायवर आहेत. तिसऱ्या प्रकरणात एके ठिकाणी यंत्र ‘तोरणा’ नाही, आणि तिथली कमांड द्यायची नाही. ती जागा कुठली, हे उत्तरसूचीत दिलेलं नाही.